फॉरेन्सिक अकाउंटिंगला प्रवेश झालाय: वर्ग सुरू होण्याआधी काय वाचू, आणि पतसंस्थेवरचा प्रकल्प कसा करू?

तेरीज_जुळेना

नमस्कार मंडळी. बी.कॉम. पूर्ण झालं. फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड इन्व्हेस्टिगेशनच्या दोन वर्षांच्या एमबीएला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

१. जमाखर्च, टॅली आणि एक्सेल बऱ्यापैकी येतं. कायदा आणि संगणकीय पुरावा या दोन्हींत पाटी कोरी आहे. सुरुवात कशापासून करू?

२. अभ्यासक्रमात बेनफर्डचा नियम, फ्रॉड ट्रँगल, बेनिशचा एम-स्कोअर वगैरे दिसतंय. यातलं पतसंस्थेच्या खऱ्या आकड्यांवर काय चालतं?

३. पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रकल्प आहे. आमच्या तालुक्यातली एक नागरी सहकारी पतसंस्था तीन वर्षांचा डेटा द्यायला तयार आहे: पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती छोटी ठेव), सोनेतारण आणि जामिनावरची कर्जं. सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर काढून टाकून देणार म्हणतात. त्यांच्याकडे नेमकं काय मागू आणि कुठल्या क्रमानं तपासू? कोणाला पकडायचं नाही, पद्धत शिकायची आहे.

रोजकीर्द

अभिनंदन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं इथले इतर लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आधी एक फरक पक्का करा. लेखापरीक्षक विचारतो, ताळेबंद खरा आणि वाजवी चित्र दाखवतो का. तो नमुना घेतो, आणि ठरावीक रकमेखालची चूक त्याच्या मताला धक्का लावत नाही. फॉरेन्सिकमध्ये प्रश्न वेगळा असतो: कोणत्या नोंदीतून, कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणाच्या मंजुरीनं बाहेर गेली आणि शेवटी कुठे पोचली. इथे पाचशे रुपयांचं एक व्हाउचर कोट्यवधींच्या तेरजेपेक्षा (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्यापेक्षा) मोलाचं ठरू शकतं, कारण त्यावर सही असते.

दोन महिन्यांत आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेची फॉरेन्सिक अकाउंटिंग अँड इन्व्हेस्टिगेशन स्टँडर्ड्स वाचून काढा. १ जुलै २०२३ पासून ती सनदी लेखापालांना बंधनकारक आहेत. तुम्ही सीए नसलात तरी चांगल्या कामाचा साचा तिथेच मिळतो. सगळी एकदम नकोत. क्रमांक १४० गृहीतकांवर आहे, ३२० पुरावा आणि कागदपत्रांवर, ३४० मुलाखतींवर, ४१० डेटा विश्लेषणावर, ४२० डिजिटल पुराव्यावर आणि ५१० अहवालावर. या सहांनी सुरुवात करा. १४० सगळ्यात आधी. ‘पैसे खाल्ले असावेत’ हे गृहीतक नव्हे. ‘शाखेत आलेली रोख वसुली त्याच दिवशी खात्याला न लावता तीन-चार दिवसांनी दुसऱ्याच्या पैशातून लावली जाते’ हे गृहीतक. ते खरं असेल तर कुठल्या कागदावर कोणती खूण उमटेल आणि खोटं असेल तर काय दिसेल, हे तपासाआधी लिहून ठेवता येतं.

सोबत दोन प्रकरणं कागदावर नीट मांडा.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी: ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी मान्य केलं की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. तपासात ७,५६१ बनावट बिलं निघाली. बिलांच्या प्रणालीत त्यांना अशी खूण दिलेली होती की संबंधित विभागांना ती दिसतच नसत. एवढी मोठी शिल्लक वर्षानुवर्षं कागदावर टिकली, कारण बँकेकडून येणाऱ्या शिल्लक-दाखल्यांवर लेखापरीक्षकांचा ताबा नव्हता. अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकानं २०११ मध्ये लेखापरीक्षकांवर ठेवलेला ठपका याच मुद्द्यावर होता. दाखला मागणारं पत्र तुम्ही टाकायचं आणि उत्तर थेट तुमच्याकडे यायचं. मधे कंपनीचा माणूस आला की तो दाखला उरत नाही.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक: सप्टेंबर २०१९. एचडीआयएल या बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली होती. ती बँकेच्या मूळ संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत फक्त भरलेली होती. मग विचार करा, कुठली एक चाचणी हे पहिल्याच दिवशी उघड करेल? यादीतली खाती प्रणालीतून काढलेल्या खात्यांशी एकास एक जुळवणं. त्यात गणित काही नाही. यादी हातात आली की ती कुठून निघाली हे विचारायची सवय मात्र लागते, आणि तुमच्या पतसंस्थेतही पहिलं काम तेच.

खिडकी_क्रमांक_३

दुसरा प्रश्न आणि तिसऱ्याचा अर्धा भाग माझ्याकडे.

नावं काढून टाकलेला डेटा घेऊ नका. त्यांना नावं ‘काढा’ नव्हे, ‘सांकेतिक करा’ असं सांगा. प्रत्येक मोबाइल नंबरला एक कोड, पण एकच नंबर पाच खात्यांवर असेल तर पाचही ठिकाणी तोच कोड. पत्ता, जामीनदार, पॅन, बँक खातं, सगळ्यांना हाच नियम. नुसतं खोडलं तर सगळ्यात उपयोगी चाचण्या मरतात: एका एजंटचाच नंबर वीस ठेवीदारांच्या खात्यांवर आहे का, एकच जामीनदार सोळा कर्जांना आहे का, कर्मचाऱ्याचं आणि पुरवठादाराचं बँक खातं एकच आहे का. कोडची किल्ली संस्थेकडेच राहू द्या आणि परवानगी संचालक मंडळाच्या ठरावासह लेखी घ्या.

मागायचं ते असं: सभासद आणि खात्यांची मूळ यादी, तिन्ही वर्षांचे सगळे व्यवहार (सारांश नव्हे), महिनाअखेरच्या तेरजा, कर्ज मंजुरीची नोंदवही, दिवसअखेरचे अहवाल, सुट्ट्यांची यादी, कर्मचारी हजेरी. व्यवहाराच्या प्रत्येक ओळीत व्हाउचर क्रमांक, व्यवहाराची तारीख, संगणकात नोंदल्याची तारीख आणि वेळ, नोंदणाऱ्याचा आयडी, मंजूर करणाऱ्याचा आयडी आणि समोरचं खातं हवं. व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळ्या स्तंभांत मिळाल्या नाहीत तर मागच्या तारखेच्या नोंदी शोधताच येणार नाहीत. बहुतेक सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अहवालात एकच तारीख छापली जाते, म्हणून सॉफ्टवेअरवाल्याकडून मूळ तक्ता मागायचा.

फाइल आल्यावर लगेच विश्लेषण सुरू करू नका. प्रत्येक खात्याची आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक येते का पाहा. मग सगळ्या खात्यांची बेरीज तेरजेतल्या त्या शीर्षाशी जुळवा. बचत ठेवींची बेरीज तेरजेपेक्षा एक लाख चाळीस हजारांनी कमी आली तर तिथेच थांबा. एकतर डेटा अपुरा आहे किंवा हाच पहिला निष्कर्ष आहे. दोन्हींतलं कोणतं, हे कळल्याशिवाय पुढच्या चाचण्यांना अर्थ नाही.

एक्सेलमध्ये हमखास कुठे फसतं ते आधीच सांगतो. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवतं. १६ अंकी खातं क्रमांक संख्या म्हणून उघडला तर शेवटचा अंक शून्य होतो, म्हणून आयात करतानाच तो स्तंभ मजकूर ठरवा. गंमत अशी की मजकूर ठरवूनही काउंटइफ हे सूत्र अंकांचा मजकूर पुन्हा संख्या समजून मोजतं आणि पहिले १५ अंक सारखे असले की खाती ‘दुबार’ दाखवतं. तिथे समप्रॉडक्टनं थेट बरोबरी तपासा किंवा जुळवणी पॉवर क्वेरीत करा. दुसरं, ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? महिन्याच्या १२ तारखेनंतरच्या नोंदी मजकूर म्हणून पडून राहिल्या असतील तर समजा तारखा उलट्या वाचल्या गेल्यात. तिसरं, आपल्याकडच्या जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नावं जुळत नाहीत, आणि आणल्यावरही कुलकर्णी-कुळकर्णी, कांबळे-काम्बळे वेगळे धरले जातात. म्हणून नुसत्या नावावर कधीच जुळवू नका.

आता बेनफर्ड. नियम असा की नैसर्गिकपणे तयार झालेल्या रकमांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के, २ चं १७.६, ३ चं १२.५, आणि घसरत घसरत ९ चं ४.६. तुमच्या पतसंस्थेत तो पिग्मीवर चालणार नाही, कारण लोक रोज ५०, १००, २०० भरतात. कर्जाच्या हप्त्यांवर चालणार नाही, तीच रक्कम महिन्यामागून महिना येते. मंजूर कर्जांवरही नाही, त्या गोल रकमा असतात आणि त्यांना कमाल मर्यादा असते. चालला तर खर्चाच्या व्हाउचरवर चालेल: छपाई, दुरुस्ती, प्रवास, वकील फी. तिथेही पहिल्या दोन अंकांची चाचणी घ्या. अपेक्षित प्रमाणाचं सूत्र लॉग१०(१ + १/अंक). शाखाधिकाऱ्याची खर्चमर्यादा ५,००० असेल तर ४९ कडे बघा. अपेक्षित प्रमाण ०.८८ टक्के, म्हणजे ४,००० व्हाउचरांत सुमारे ३५. तिथे १४० निघाली तर ती १४० काढून वाचायला घ्या. एकाच दिवशी, एकाच पुरवठादाराला, ४,९०० आणि ४,९५० अशी जोडी दिसली तर मर्यादेखाली राहायला बिल फोडलं असण्याची शक्यता आहे. शक्यताच. नियम मोडला म्हणजे गैरव्यवहार झाला असं प्रकल्पात लिहिलंत तर मार्क जातील आणि ते योग्यच असेल.

एम-स्कोअर, म्हणजे कंपनीनं नफ्याचे आकडे फिरवले असण्याची शक्यता मोजणारा गुणांक, तुमच्या कामाचा नाही. त्याची आठ गुणोत्तरं विक्री, येणी, ढोबळ नफा यांवर बेतलेली आहेत, कर्ज देणाऱ्या संस्थेला ती लागू पडत नाहीत. फ्रॉड ट्रँगल, म्हणजे डोनाल्ड क्रेसींनी १९५३ मध्ये मांडलेल्या विचारातून आलेला गरज, संधी आणि स्वतःची समजूत हा त्रिकोण, गृहीतक सुचवायला चांगला. पण एखाद्यावर कर्ज आहे म्हणून त्यानं अपहार केला, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सहकारी_साखळी

पतसंस्थेचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते तीन वर्षं आणि तीन विभाग हा पसारा एका प्रकल्पाला फार होतो. पिग्मी आणि सोनेतारण घ्या, जामिनावरची कर्जं सोडा.

पिग्मीत पैसा दोन ठिकाणी लिहिला जातो: ग्राहकाच्या पुस्तकात किंवा मशीनच्या पावतीवर, आणि संस्थेच्या खतावणीत. अपहार बहुधा या दोहोंच्या मधल्या जागेत होतो. समजा ५ मार्चला एजंटनं अ कडून २,००० घेतले आणि स्वतःकडे ठेवले. ८ मार्चला ब कडून आलेले २,००० अ च्या खात्यावर टाकले, ११ मार्चला क चे ब च्या खात्यावर. खतावणीत प्रत्येकाचे पैसे येतात, फक्त उशिरा येतात. म्हणून शोधायचा तो उशीर: पावतीची तारीख आणि खात्यावर जमा झाल्याची तारीख यांतलं अंतर, एजंटनिहाय, महिनानिहाय. बाकी एजंटांचं अंतर शून्य ते एक दिवस आणि एकाचंच तीन, मग चार, मग सहा होत गेलं, तर खड्डा वाढतोय. एजंट रजेवर असताना बदली माणसानं वसुली केली तो आठवडा वेगळा काढा. साखळी तिथे तुटते, आणि तक्रारीही साधारण त्याच आठवड्यात येतात.

मशीन असेल तर मशीनमधल्या पावत्यांचे क्रमांक सलग आहेत का बघा. मधले क्रमांक गहाळ असतील तर ते रद्द केले की पाठवलेच नाहीत, हे सॉफ्टवेअरमधल्या रद्द नोंदींच्या यादीशी ताडा. त्यानंतर पिग्मी ठेवीच्या तारणावरची कर्जं आणि मुदतीआधी बंद केलेली खाती. पुष्कळ वेळा ठेवीदाराला माहीतही नसतं की त्याच्या ठेवीवर कर्ज उचललं गेलंय. खूण अशी: कर्जाची रक्कम रोख दिली, ठेवीदाराचा मोबाइल नोंदलेला नाही, आणि कर्जाचं व्याज रोखीनं त्याच एजंटमार्फत भरलं जातंय.

शिल्लक पडताळणीची पत्रं पाठवायची असतील तर ती संस्थेच्या लेटरहेडवर, पण टपालात तुम्ही टाकायची आणि उत्तर विभागप्रमुखांच्या पत्त्यावर मागवायचं. एजंटच्या हाती पत्र देणं म्हणजे तपासच त्याच्या हाती देणं. खाती १,२०० असतील तर सगळ्यांत मोठ्या शिलकीची ५०, मोबाइल नसलेली सगळी, वर्षभर बंद राहून अचानक चालू झालेली सगळी, आणि बाकीच्यांतून यादृच्छिक ६०. कोड-किल्ली संस्थेकडे असल्यानं पाकिटांवर नावं त्यांचा अधिकारी घालेल, तुम्ही फक्त पाकिटं मोजून घ्या. उत्तर आलं नाही याचा अर्थ शिल्लक मान्य असा धरू नका आणि अमान्य असाही धरू नका. ‘उत्तर नाही’ हा वेगळा रकाना ठेवा.

सोनेतारणात तुम्ही पाकिटाला हात लावायचा नाही. सील फोडणं, वजन, कस हे संस्थेच्या अधिकाऱ्यांच्या आणि कर्जदाराच्या समोर होतं, प्रकल्पासाठी ते करून घेऊ नये. डेटावर मात्र खूप करता येतं. प्रत्येक कर्जाची रक्कम भागिले निव्वळ वजन काढा, म्हणजे प्रतिग्रॅम कर्ज मिळेल. त्याची तुलना त्या दिवसाच्या दराशी आणि संस्थेच्या मर्यादेशी करा, आणि मूल्यांकन करणाऱ्या सराफानुसार वेगळी मांडा. एकाच सराफाच्या दाखल्यांवर प्रतिग्रॅम कर्ज सतत मर्यादेला टेकलेलं असेल आणि ती कर्जं सुटतच नसतील, तर खोट्या सोन्याचं गृहीतक मांडता येतं. एकूण वजन आणि निव्वळ वजन सगळ्या दागिन्यांना सारखंच लिहिलं असेल तर तीही खूण. खडे आणि लाखेचं वजन वजा न केलेलं असणार.

सगळ्यात जास्त सापडतं ते नूतनीकरणात. जुनं कर्ज ज्या दिवशी बंद, त्याच दिवशी त्याच पाकिटावर नवं कर्ज, आणि नव्याची रक्कम बरोबर जुनं मुद्दल अधिक व्याज. ८०,००० मुद्दल आणि ९,६०० व्याज, नवं कर्ज ८९,६००. पैसा आलाच नाही, पण थकबाकी शून्य आणि व्याज उत्पन्नात जमा. अशा साखळीचे चार दुवे एका ओळीत मांडून दाखवलेत तर परीक्षकाला दुसरं काही समजावावं लागणार नाही.

पुरावा_पान_१

कायद्याचं. विद्यार्थी इथे पाठांतर करतात आणि तारखा विसरतात. तुमचा तीन वर्षांचा डेटा १ जुलै २०२४ च्या अलीकडे आणि पलीकडे पसरला असेल. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेल्या कृत्याला भारतीय दंड संहितेचीच कलमं लागतात. हिशेबात खोटी नोंद करणं जुन्यात ४७७-अ, नव्यात ३४४. विश्वासघात जुन्यात ४०५ पासून ४०९ पर्यंत, नव्यात ३१६. फसवणूक ४२० ची ३१८ झाली. एक तक्ता करा: नोंदीची तारीख, कृत्य, कलम.

संगणकातल्या नोंदीसाठी साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जुनं ६५-ब. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ त्या यंत्राचा ताबा असणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि नोंदीचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा कोड) व कुठल्या पद्धतीनं काढलं तेही लिहायचं. हे का गरजेचं, ते जालन्याच्या प्रकरणावरून समजून घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, यावर वाद होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीनं त्याची जागा भरत नाही. हा निकाल मुळातून वाचा.

प्रकल्पापुरतं व्यवहारात काय करायचं? पेनड्राइव्ह मिळाला त्या क्षणी प्रत्येक फाइलचं एसएचए-२५६ हॅश काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेनं निघतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कागदावर फाइलचं नाव, आकार, हॅश, तारीख, वेळ, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. मूळ फाइल पुन्हा उघडायची नाही, काम नकलेवर. एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केलीत तरी हॅश बदलतं, आणि मग ही तीच फाइल हे सांगायला तुमच्याकडे काही राहत नाही.

सहकार खात्याचा क्रमही समजून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ८१ लेखापरीक्षणाचं, ८३ चौकशीचं आणि ८८ नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याचं. ८८ खाली प्रत्येक जबाबदार संचालक आणि कर्मचाऱ्यावर रक्कम बसवायची असते. त्यामुळे ‘संस्थेचं एकूण इतकं नुकसान’ हा आकडा अपुरा पडतो, ते व्यक्तीनिहाय आणि तारखेनिहाय फोडावं लागतं. तुमचा तक्ता पहिल्या दिवसापासून तसाच बांधा.

तेरीज_जुळेना

सगळ्यांचे मनापासून आभार. नावं सांकेतिक करायचा मुद्दा आजच कळवतो. दोन शंका. एक, एकाच बचत खात्यात पगार आणि संशयित रक्कम दोन्ही आल्या असतील तर पुढे गेलेल्या पैशातला कुठला कोणता, हे कसं ठरवतात? दोन, आयडीवरून माणूस ठरतो का? संस्थेत तिघंजण एकच पासवर्ड वापरतात असं बोलण्यात आलं.

खिडकी_क्रमांक_३

पहिल्याचं उदाहरण घ्या. खात्यात स्वतःचे ४ लाख होते. मग संशयित १० लाख आले. मग ३ लाख घरखर्चाला गेले, मग ८ लाख प्लॉटला. शिल्लक ३ लाख.

आधी आलेला पैसा आधी गेला असं धरलं तर घरखर्च पूर्ण स्वतःच्या पैशातून, प्लॉटमध्ये १ लाख स्वतःचे आणि ७ लाख संशयित, आणि उरलेले ३ लाख संशयित. शेवटी आलेला आधी गेला असं धरलं तर घरखर्चाचे ३ लाख संशयित, प्लॉटमध्ये ७ लाख संशयित आणि १ लाख स्वतःचा, उरलेले ३ लाख स्वतःचे. प्रमाणात वाटलं तर प्लॉटमध्ये साधारण ५.७१ लाख संशयित. म्हणजे पहिल्या दोन पद्धतींत प्लॉटवरचा दावा तोच राहतो, पण खात्यातली शिल्लक कोणाची हे पूर्ण उलटतं. पद्धत आकडे बघण्याआधी ठरवा, कारणासह लिहा, आणि परिशिष्टात बाकी पद्धतींची उत्तरंही द्या. सोयीची पद्धत नंतर निवडली असं दिसलं की पूर्ण मागोवा संशयास्पद होतो.

आणि उतारा एका दिवसात अनेक व्यवहारांचा असेल तर त्या दिवसातला क्रम महत्त्वाचा. छापील उताऱ्यातला क्रम नेहमी खरा क्रम नसतो, वेळेसह नोंदी मागा.

रोजकीर्द

दुसरी शंका फार नेमकी आहे. आयडी म्हणजे माणूस नव्हे. म्हणूनच वर हजेरी मागायला सांगितली. शाखाधिकारी रजेवर असलेल्या दिवशी त्याच्या आयडीवरून झालेल्या मंजुऱ्या काढा. हजेरीपट, रजेचा अर्ज, त्या वेळी कुठल्या संगणकावरून लॉगिन झालं, व्हाउचरवर अक्षर कोणाचं, हे सगळं एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवा. चारपैकी तीन गोष्टी एका माणसाकडे बोट दाखवत असतील तरी अहवालातलं वाक्य असं: ‘व्हाउचर अमुक, रक्कम अमुक, शाखाधिकाऱ्याच्या आयडीवरून दुपारी ४.१० ला मंजूर. हजेरीपटानुसार शाखाधिकारी त्या दिवशी रजेवर.’ यापुढे ‘म्हणून रोखपालानं अपहार केला’ हे तुम्ही लिहायचं नाही. मानक ५१० स्पष्ट सांगतं की दोषी की निर्दोष यावर मत द्यायचं नाही. ते न्यायालयाचं काम.

पासवर्ड तिघं वापरतात ही माहिती मात्र अहवालात आलीच पाहिजे, निष्कर्षाची मर्यादा म्हणून आणि संस्थेतली उणीव म्हणूनही. कोणी, कधी, कोणासमोर सांगितलं ते त्याच दिवशी वहीत लिहा. ‘बोलण्यात आलं’ एवढ्यावर ते चालणार नाही.

सहकारी_साखळी

बोलण्याचा विषय निघाला म्हणून एवढं जोडते. मुलाखतींचा क्रम बाहेरून आत: आधी ज्यांचा व्यवहाराशी संबंध नाही अशी माणसं, म्हणजे शिपाई, बदली एजंट, सॉफ्टवेअरवाला. मग नोंद करणारे. मग मंजुरी देणारे. सुरुवात ‘तुमच्याकडे रोजची रोख कशी येते, सांगा ना’ अशा मोकळ्या प्रश्नानं करा, आणि कागद एकेक करून पुढे ठेवा, गठ्ठा नको. सोबत दुसरा विद्यार्थी टिपणं घ्यायला असू द्या. कबुली मिळवायला जाऊ नका. तुम्हाला तो अधिकारही नाही, आणि आमिष किंवा धाक दाखवून मिळालेली कबुली न्यायालयात उभी राहत नाही. प्रकल्पात खरंच काही सापडलं तर ते वर्गातल्या सादरीकरणात मांडू नका, कर्मचाऱ्यांशी बोलू नका. मार्गदर्शकांना दाखवा, आणि त्यांच्यामार्फत संचालक मंडळाला लेखी कळवा. संचालकांपैकीच कोणाचा संबंध दिसत असेल तर कळवायचं कोणाला, हे परवानगीच्या पत्रातच आधी लिहून घ्या.

पुरावा_पान_१

पुढच्या पात्रतांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रवेश घेताना अनेकांचा गोंधळ होतो. आयसीएआयचा फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड डिटेक्शनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यांच्या सभासदांसाठी आहे. एमबीए केलं म्हणून तो मिळत नाही. अमेरिकेतल्या एसीएफई या संस्थेची सीएफई (सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर) पात्रता सीए नसलेल्यांनाही खुली आहे, पण पदनाम लावायला नुसती परीक्षा पुरत नाही, संबंधित कामाचा अनुभवही लागतो. तो अनुभव मोजताना कामाचं लेखी वर्णन मागतात. म्हणून इंटर्नशिपच्या पत्रात ‘वित्त विभागात काम केलं’ असं मोघम नको. ‘सोनेतारण कर्जांच्या नूतनीकरणाची तपासणी, १,१०० खाती, निष्कर्ष तक्ता तयार केला’ इतकं नेमकं लिहून घ्या, आणि ते पत्र संस्था सोडायच्या आधी घ्या.